जुन्या पिकअप वाहनातील मऊ ब्रेक-पेडल : लक्षणांवरून कारणाकडे

प्रास्ताविक

नाशिक परिसरातील भाजीपाला रात्रीतून वाशीच्या बाजारात पोहोचविणाऱ्या पिकअप वाहनांना कसारा घाट उतरावा लागतो. यांपैकी अनेक वाहने दहा-पंधरा वर्षांची जुनी असतात. अशा वाहनाचा चालक "पेडल मऊ लागते" अशी तक्रार करतो तेव्हा बहुतेक गॅरेजांतून एकच उपाय केला जातो, तो म्हणजे ब्रेकची हवा काढणे. त्याने गुण आला तर ठीक. न आल्यास मास्टर सिलिंडर बदलला जातो, नंतर बूस्टर, नंतर आणखी काही. खर्च वाढत जातो आणि दोष मात्र कायम राहतो. वस्तुतः "मऊ पेडल" या एका शब्दप्रयोगात किमान तीन निरनिराळी लक्षणे दडलेली असतात व प्रत्येकाचे कारण वेगळे असते. प्रस्तुत लेखात पुढे डिस्क, मागे ड्रम आणि निर्वात बूस्टर अशी रचना असलेल्या पिकअपच्या संदर्भात या लक्षणांचे विवेचन केले आहे. भौतिकशास्त्राच्या अध्यापकांना पास्कलच्या नियमाचे व बॉइलच्या नियमाचे एक प्रत्यक्ष उदाहरण म्हणूनही ते उपयोगी पडावे.

रचना आणि तिचे गणित

द्रवचालित ब्रेक चारही चाकांवर बसवून बाजारात आलेली पहिली मोटार म्हणजे १९२१ ची अमेरिकन ड्यूसेनबर्ग. मूलतत्त्व तेव्हापासून बदललेले नाही. पायाचा दाब पेडलच्या तरफेने वाढतो, त्यात बूस्टरची भर पडते, मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या द्रव पुढे ढकलतो आणि तो द्रव चाकांजवळील दट्टे सरकवितो. द्रव जवळजवळ असंपीड्य असल्यामुळे पेडल टणक लागते. ते मऊ लागले याचा अर्थ इतकाच की, ढकललेला द्रव कोठेतरी 'खर्च' होत आहे. एकतर काहीतरी दबत आहे, काहीतरी फुगत आहे, कोठेतरी अंतर जास्त आहे किंवा द्रव निसटत आहे.

हा खर्च किती लहान असतो हे आकड्यांनी पाहणे उद्बोधक ठरेल. मास्टर सिलिंडरचा व्यास २५.४ मिलिमीटर धरल्यास त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५.०७ चौरस सेंटिमीटर येते. मागील प्रत्येक व्हील सिलिंडरचा व्यास २२.२ मिलिमीटर असेल तर त्यातील एका दट्ट्याचे क्षेत्रफळ ३.८७ चौरस सेंटिमीटर. मागील दोन चाकांत असे चार दट्टे असतात. लायनर झिजल्यामुळे प्रत्येक दट्ट्याला केवळ १ मिलिमीटर अधिक सरकावे लागले, तर सुमारे १.५५ घन सेंटिमीटर द्रव जास्त लागतो. त्यासाठी मास्टर सिलिंडरचा दट्ट्या ३ मिलिमीटर अधिक पुढे जातो आणि पेडलचे तरफ-गुणोत्तर ४ असल्यास पेडल १२ मिलिमीटर अधिक खाली जाते. एक मिलिमीटरची झीज पायाला अशी बारापट होऊन जाणवते. याउलट नळीत अडकलेली १ घन सेंटिमीटर हवा दहा-अकरापट दाबाखाली आपले सुमारे नऊदशांश आकारमान गमावते व पेडल सुमारे ७ मिलिमीटर खाली नेते. हा ऱ्हास अगदी आरंभीच्या अल्प दाबातच होतो, म्हणून हवा असलेले पेडल सुरुवातीला लवचीक व शेवटी कठीण लागते.

तीन लक्षणे

पहिले लक्षण स्पंजासारख्या पेडलचे. पाय दाबला की स्प्रिंगवर दाबल्यासारखे वाटते आणि पाय उचलताना ते पायाला मागे ढकलते. येथे हवेचा संशय प्रथम घ्यावा. परंतु हवा काढल्यानंतरही लक्षण टिकले तर जुने रबरी होज पाईप पाहावेत. सहायकाला पेडल दाबावयास सांगून होजवर हात ठेवला असता तो फुगताना जाणवतो. ड्रमच्या वक्रतेशी न जुळणारे नवे लायनरही असेच लक्षण देतात, कारण दाबाखाली ब्रेक-शू किंचित वाकतो.

दुसरे लक्षण खोल जाणाऱ्या, पण लागोपाठ दोन-तीन वेळा दाबल्यास वर येणाऱ्या पेडलचे. येथे दोष बहुधा अंतराचा असतो. शू मागे परतण्यापूर्वीच दुसऱ्यांदा दाबल्याने टाकीतील जादा द्रव आत ओढला जातो व अंतर भरून निघते. जुन्या पिकअपमध्ये याचे सर्वांत वारंवार आढळणारे कारण म्हणजे ड्रममधील स्वयंसमायोजक यंत्रणा गंजून अडकणे. याची परीक्षा अगदी सोपी व बिनखर्ची आहे. उभ्या वाहनात हँडब्रेक ओढून मग पायाचा ब्रेक दाबावा. पेडल लक्षणीय उंच व टणक झाले तर मागील शू व ड्रम यांतील अंतर हेच कारण आहे, हवा नव्हे. ही दहा सेकंदांची परीक्षा न करताच हवा काढण्यात तास घालविले जातात, याचे आश्चर्य वाटते. पुढील चाकांच्या बेअरिंगमध्ये ढिलाई असल्यास डिस्क डगमगून पॅड मागे ढकलले जातात. तेव्हाही हेच लक्षण दिसते, मात्र ते खडबडीत रस्त्यानंतर किंवा वळणानंतर अधिक जाणवते.

तिसरे लक्षण सर्वांत गंभीर. स्थिर दाब देऊन ठेवला असता पेडल हळूहळू तळाकडे बुडत जाते. येथे द्रव निसटत आहे, हे निश्चित. टाकीतील पातळी घटत असेल तर गळती बाहेर आहे; व्हील सिलिंडरची धूळटोपी उलगडून पाहावी, चाकाच्या आतील बाजूस ओल शोधावी. पातळी घटते पण ओल कोठेच नाही, असे असल्यास मास्टर सिलिंडरच्या मागील वायसरमधून द्रव बूस्टरमध्ये जात असण्याची शक्यता असते. पातळीही घटत नाही आणि पेडल मात्र बुडते, अशा वेळी मास्टर सिलिंडरमधील वायसरला वळसा घालून द्रव आतल्या आत टाकीकडे परततो. हलक्या दाबाने बुडणारे पेडल जोराने दाबल्यावर टिकते, असेही पुष्कळदा घडते. कारण जोराच्या दाबाने वायसरची कड भिंतीला घट्ट चिकटते. त्यामुळे परीक्षा हलक्या व जोराच्या अशा दोन्ही दाबांनी करणे अवश्य आहे.

बूस्टरविषयी एक गैरसमज

बूस्टर वा त्याचा निर्वात पंप बिघडल्यास पेडल मऊ नव्हे, कठीण होते. डिझेल इंजिनात पुरेसा निर्वात आपोआप निर्माण होत नसल्याने स्वतंत्र पंप असतो, पुष्कळ वाहनांत तो अल्टरनेटरच्या मागे जोडलेला असतो. इंजिन बंद करून पेडल अनेकदा दाबावे, पाय दाबून ठेवूनच इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली जाते. ते बूस्टर चालू असल्याचे चिन्ह आहे, दोष नव्हे.

घाटातील मऊपणा

काही तक्रारी केवळ घाटातच उद्भवतात आणि सकाळी गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही. येथे तापमान निर्णायक ठरते. ब्रेकचा द्रव आर्द्रता शोषतो. डॉट ३ प्रतीच्या द्रवाचा उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, तर प्रमाणित ओल्या अवस्थेत, म्हणजे सुमारे ३.७ टक्के पाणी असताना, किमान मर्यादा १४० अंश इतकीच आहे. डॉट ४ साठी हेच आकडे २३० व १५५ आहेत. उतारावर कॅलिपर तापला की द्रवात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकाएकी तळाला जाते. थंड झाल्यावर वाफ विरते व पुरावा नाहीसा होतो. पेडल टणक असूनही वाहन थांबत नसेल तर तो वेगळा प्रकार, लायनरचे घर्षण कमी झाल्याचा. याशिवाय तापलेला ड्रम प्रसरण पावतो, अंतर वाढते व पेडल खोल जाते. कोकणातील पावसाळे काढलेल्या वाहनातील द्रव दोन वर्षांत बदलणे हा खर्च नसून गरज आहे.

दोषाचे स्थान निश्चित करणे

लक्षणांवरून निर्णय होत नसेल तर विभाजनाची पद्धत वापरावी. मास्टर सिलिंडरची निर्गमद्वारे योग्य आट्यांच्या प्लगांनी बंद करून पेडल दाबावे. ते दगडासारखे टणक लागले तर मास्टर सिलिंडर निर्दोष आहे व दोष पुढे आहे. मग एकेक शाखा जोडीत जावे. ज्या जोडणीनंतर मऊपणा परतला, त्याच शाखेत कारण आहे. होज चिमट्याने दाबून हीच परीक्षा होते, पण जुना होज त्याने आतून फाटू शकतो. गोल जबड्याचा चिमटाच वापरावा आणि तोही नाइलाज असेल तरच.

हवा काढताना होणाऱ्या चुका

हवा काढण्याचे काम सोपे समजले जाते, म्हणूनच ते बिघडते. जुन्या वाहनात पेडल तळापर्यंत दाबणे टाळावे. रोजच्या वापरात दट्ट्या जेथे कधी पोहोचत नाही, त्या भागात सिलिंडरच्या भिंतीवर गंज व साका जमलेला असतो. वायसर त्यावरून सरकताच चिरतो आणि बरा असलेला मास्टर सिलिंडर दुरुस्तीच्या निमित्तानेच निकामी होतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की हे टळते. कॅलिपर डावे-उजवे उलट बसविल्यास हवा काढण्याचे निपल खालच्या बाजूला येते व वरची हवा कधीच निघत नाही. ज्या पिकअपमध्ये मागील आसाजवळ भारानुसार दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह असतो, तेथे मागची चाके लोंबकळत ठेवल्यास व्हॉल्व्हला वाहन रिकामे असल्याचा भास होतो आणि मागे द्रव पुरेसा वाहत नाही. अशा वाहनाची हवा चाके जमिनीवर टेकलेली असताना काढावी.

शेवटी नावाचा प्रश्न. आपल्याकडे या द्रवाला सर्रास 'ब्रेक ऑइल' म्हणतात, आणि या नावाने खरोखर नुकसान होते. तो खनिज तेल नसून ग्लायकॉल-ईथर वर्गातील द्रव आहे. नावाला भुलून कोणी टाकीत इंजिन ऑइल ओतले, तर प्रणालीतील रबर फुगते. टाकीच्या झाकणाखालील रबरी पडदा फुगून वेडावाकडा झालेला आढळला, तर बाकीच्या परीक्षा तेथेच थांबवाव्यात. केवळ द्रव बदलून भागत नाही. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, कॅलिपर यांतील सर्व वायसर आणि सर्व होज बदलावे लागतात, नळ्या धुवाव्या लागतात, आणि तोवर वाहन रस्त्यावर नेता येत नाही.