घर हलवण्याआधी पॉलिसी हलवा

रस्तारुंदीत पुढची पडवी जाणार असते, किंवा रस्त्याची उंची वाढल्याने दर पावसाळ्यात पाणी उंबरठा ओलांडते. अशा वेळी अख्खे घर जॅकवर उचलून वर घेणारे किंवा मागे सरकवून देणारे कंत्राटदार आता आपल्याकडेही कामे घेतात. खर्चाची घासाघीस जोरात होते. विम्याचा विषय मात्र बऱ्याचदा भिंतीला तडा गेल्यावरच निघतो. त्याबाबतचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज : अख्खी इमारत हलवणे हा अचाट प्रकार. त्याचा विमा कोण उतरवणार?

वस्तुस्थिती : समुद्र पायथ्याशी आल्यामुळे अमेरिकेतले केप हॅटेरसचे सुमारे 4,800 टनांचे दीपगृह 1999 मध्ये 23 दिवसांत सुमारे 880 मीटर मागे नेले. स्वीडनमधल्या किरुनाचे लाकडी चर्च लोहखाणीमुळे ऑगस्ट 2025 मध्ये दोन दिवसांत पाच किलोमीटर हलले. गोव्यात साळावली धरणात जाणारे कुर्डीचे महादेव मंदिर मात्र दगडांना क्रमांक देऊन, सुटे करून दुसरीकडे उभारले. सुटे करणे आणि सबंध उचलणे हे विम्याच्या लेखी दोन वेगळे धोके आहेत. अमेरिकेत घरे हलवणाऱ्या व्यावसायिकांना उचललेल्या घरासाठी खास विमा मिळतो. आपल्याकडे हे संरक्षण सहसा ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ पॉलिसीला जोडकलमे लावून जुळवावे लागते.

गैरसमज : घराचा विमा आहेच, त्यात हेही आले.

वस्तुस्थिती : एप्रिल 2021 पासून मिळणारी प्रमाणित ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी आग, भूकंप, वादळ, पूर, जमीन खचणे अशा आपत्तींसाठी आहे. पण जमीन खचल्याचे कारण खोदकाम, बांधकाम किंवा इमारतीतला रचनात्मक बदल असेल, तर ते नुकसान वगळलेले आहे. सदोष कारागिरीचेही तेच. जॅक लावण्यासाठी जोत्याच्या कडेने चर खणून भिंत टप्प्याटप्प्याने पायापासून सोडवतात. म्हणजे पॉलिसीने जे बाजूला ठेवले, नेमके तेच काम सुरू होते.

गैरसमज : कंत्राटदाराचा विमा आहे, शिवाय त्याने हमीपत्रही दिले आहे.

वस्तुस्थिती : ऑल रिस्क पॉलिसीचा पहिला भाग कंत्राटातल्या कामासाठी आणि दुसरा भाग तिऱ्हाइतांच्या नुकसानीसाठी असतो. तुमचे जुने घर या दोन्हींच्या फटीत पडू शकते. ते नवे काम नव्हे, आणि कंत्राटदाराच्या ताब्यात असल्याने तिऱ्हाइताची मालमत्ताही नव्हे. म्हणून मालकाची आधीपासूनची मालमत्ता, तसेच कंपने व आधार काढल्याने होणारे नुकसान, ही जोडकलमे पॉलिसीत रकमेसह छापलेली हवीत. हमीपत्राची किंमत कंत्राटदाराच्या ऐपतीइतकीच.

गैरसमज : पॉलिसी नीट असली की प्रत्येक तड्याची भरपाई मिळते.

वस्तुस्थिती : कंपनांच्या कलमात बहुधा इमारतीच्या मजबुतीला धक्का न लावणारे वरवरचे तडे वगळलेले असतात. गिलावा उडाला, फरशी फुटली, तर खर्च तुमचा. त्याशिवाय दाव्यातून ठरलेली वजावट होतेच. वादाचा मुद्दा एकच असतो : तडा आधीचा की नंतरचा? म्हणून काम सुरू होण्यापूर्वी अभियंत्याकडून पाहणी अहवाल घ्यावा. जुन्या तड्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहितात. भिंत हलली की पट्टी तडकते, आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरपुढे पुरावा उभा राहतो.

गैरसमज : घर नव्या पायावर बसले की जुनी पॉलिसी आपोआप चालू राहते.

वस्तुस्थिती : पॉलिसी ठरावीक पत्त्यावरच्या, ठरावीक बांधणीच्या घराची असते. जागा, पाया, जोत्याची उंची बदलली की विमा कंपनीला लेखी कळवून एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत बदलाची नोंद, करून घ्यावी लागते. घर त्याच प्लॉटमध्ये मागे सरकले तरी कळवलेले बरे. मोठा बदल लपवल्याचे दाव्याच्या वेळी उघड झाले तर दावा नाकारला जाऊ शकतो. घर बँकेकडे गहाण असेल तर बँकेची संमतीही आधीच घ्या, कारण तिचे तारण जागचे हलणार असते.

तेव्हा क्रम असा ठेवा : आधी अभियंत्याचा अहवाल आणि स्थानिक संस्थेची परवानगी, मग विमा कंपनीला पत्र, मग जोडकलमांसह पॉलिसीची प्रत हातात, शिवाय मजुरांच्या अपघात भरपाईची वेगळी सोय आहे ना याची खातरजमा. कंत्राटदाराला आगाऊ रक्कम त्यानंतरच द्या. ‘साहेब, काही होत नाही’ हे आश्वासन कुठल्याही पॉलिसीत छापलेले नसते.