मोहाची दारू
मोह (लॅ. मॅधुका लाँगिफोलिया, कुल-सॅपोटेसी) या वृक्षाच्या फुलांपासून ऊर्ध्वपातनाने मिळविलेले मद्य. सालेकसा (जि. गोंदिया) भागात व मध्य भारतातील अन्य वनप्रदेशांत, विशेषतः गोंड समाजात, ते देवपूजा, लग्न व अंत्यविधी यांत लागते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी मांसल फुले वेचून वाळवितात. सुकलेल्या फुलांत वजनाच्या सु. निम्मी शर्करा असते. ती पाण्यात भिजवून काही दिवस आंबवितात. या मिश्रणास सडवा म्हणतात. त्यात यीस्ट निराळे घालावे लागत नाही. फुलांवरील व मडक्यातील रानटी यीस्टांमुळेच किण्वन होते. साहजिकच प्रत्येक खेपेची चव सारखी नसते, आणि थंडीत आंबण्यास अधिक दिवस लागतात. बेल्जियममधील लँबिक बिअरही अशीच आपोआप आंबते. मात्र ती लाकडी पिपांत एक ते तीन वर्षे मुरवितात, सडवा तयार होताच गाळतात. विक्रीच्या हातभट्टीत नवसागर मिसळला जातो. मोहाच्या दारूची अपकीर्ती पुष्कळशी त्यामुळे झाली आहे.

मोहफूल हे टंचाईच्या दिवसांतील अन्नही आहे. भाजून किंवा शिजवून ते खातात. त्यामुळे दारूवरील निर्बंधांची झळ खाणाऱ्यांनाही लागली. १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले बाळगण्यावरच बंधने आली. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वयेही फुलांवर नियंत्रण होते. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने फुलांचा संग्रह व वाहतूक यांवरील निर्बंध उठविले. विनापरवाना दारू गाळणे मात्र गुन्हाच आहे.