स्लीपिंग बॅगवरचा उणे आकडा

हिवाळ्यात हिमालयात ट्रेकला निघताय? मग स्लीपिंग बॅगवर ठळक छापलेल्या उणे आकड्याला भुलू नका. आयएसओ २३५३७ या मानकाची चाचणी थंडगार खोलीत होते. माणसाएवढा, आतून तापवलेला, सेन्सर लावलेला पुतळा बॅगेत झोपवतात आणि त्यावरून कम्फर्ट, लिमिट, एक्स्ट्रीम हे आकडे काढतात. एक्स्ट्रीम म्हणजे जेमतेम जीव तगण्याची मर्यादा. तिथे हायपोथर्मियाचा धोका असतो. खरेदी कम्फर्टवरच करा!

आणि हो, तो पुतळा मॅटवर, थर्मल घालून झोपलेला असतो. नुसत्या जमिनीवर पडलात तर सगळं गणित कोलमडतं. ऊब धरते ती बॅगेतल्या पिसांत अडकलेली हवा, आणि पाठीखाली दबलेल्या पिसांत ती उरतच नाही.

हिमालयातल्या केदारकंठाला जाण्याआधी डिसेंबरात कळसूबाईच्या पायथ्याला, बारी गावात, उघड्यावर एक रात्र काढून बघा. बॅगेत शिरल्यावर चेनीवरून आतून हात फिरवा, वारा शिरत असेल तर लगेच कळतं. बॅगेच्या टोपीची दोरी ओढून नाक-तोंड तेवढं बाहेर ठेवा. तोंड आत घेतलं की श्वासाच्या वाफेने पिसं ओलावतात. खरी परीक्षा पहाटे, पाय गार पडू लागतात तेव्हा.