कोटाआडचं पिस्तूल : डिटेक्टिव्ह सूट का घालतो?

वर्तमानपत्रात आपण नेहमी वाचतो, ‘साध्या वेशातील पोलिसांनी सापळा रचला.’ हा साधा वेश म्हणजे नेमका कोणता? आपल्याकडे डोळ्यांसमोर येतो तो पँटवर सोडलेला अर्ध्या बाह्यांचा शर्ट. न्यूयॉर्कच्या डिटेक्टिव्हबद्दल हेच शब्द वापरले, तर समोर येतो सूट, टाय आणि पॉलिश केलेले बूट. म्हणजे तिथला साधा वेश हा आपल्याकडचा स्वागत समारंभाचा वेश झाला! आज मी बोलणार आहे ते या सुटाविषयी, आणि सुटाच्या आत कमरेला असलेल्या पिस्तुलाविषयी. विषय शिंप्याच्या दुकानातला वाटतो, आणि निम्मा तो तिथलाच आहे. उरलेला निम्मा मात्र जिवाशी खेळणारा आहे.

थोडा इतिहास सांगतो, फार नाही. लंडनच्या पोलिसांनी १८४२ मध्ये गुप्तहेरांची पहिली शाखा काढली, तेव्हा त्यात आठ माणसं होती. त्यांनी गणवेश उतरवला, पण शस्त्र लपवण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे फारसा आला नाही, कारण ब्रिटिश पोलीस सहसा शस्त्र बाळगतच नाहीत. हा प्रश्न खरा अमेरिकेचा. तिथे १९२७ मध्ये कोल्ट कंपनीने दोन इंची नळीचं, सहा गोळ्यांचं एक रिव्हॉल्वर बाजारात आणलं आणि त्याचं नावच ठेवलं ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’. नळी आखूड का? तर कोटाखाली मावावी म्हणून. कपड्याने शस्त्राचा आकार ठरवला, असं हे उदाहरण आहे.

एफबीआयची गोष्ट आणखी मजेची. एडगर हूवर यांच्या काळात एजंटने गडद सूट आणि पांढरा शर्ट घालायचा, हा जवळजवळ धर्मच होता. पण सुरुवातीची कितीतरी वर्षं या एजंटांना शस्त्र बाळगण्याचा सर्वसाधारण अधिकार नव्हता. १७ जून १९३३ रोजी कॅन्सस सिटीच्या रेल्वे स्टेशनबाहेर एका कैद्याला नेत असताना गोळीबार झाला. चार पोलीस अधिकारी आणि तो कैदी मारले गेले, आणि त्या चारांत एक एफबीआयचा एजंट होता. पुढच्या वर्षी, जून १९३४ मध्ये, काँग्रेसने कायदा करून एजंटांना शस्त्राचा आणि अटकेचा अधिकार दिला. म्हणजे सूट आधी आला, पिस्तूल मागून आलं. सूट हा मुळात शस्त्र लपवण्यासाठी घातलेलाच नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे याचा उपयोग आहे.

आता शिंप्याकडे जाऊ.

पिस्तूल ठेवायचं कुठे? सिनेमात ते काखेत असतं. ‘बुलिट’ या १९६८ च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने घातलेला खांद्याचा होल्स्टर सॅन फ्रान्सिस्कोच्या डेव्ह टॉस्की या खऱ्या पोलीस अधिकाऱ्याकडून उचललेला होता. दिसायला झकास. पण त्यात अडचणी आहेत. पट्टे खांद्याला काचतात, कोट काढला की सगळं उघडं पडतं, आणि आडव्या होल्स्टरमध्ये नळीचं तोंड मागे उभ्या असलेल्या माणसाकडे असतं. गाडीत तासन्‌तास बसणाऱ्याला मात्र तो सोयीचा, कारण बसलेल्या अवस्थेत कमरेपेक्षा छातीकडे हात पटकन जातो. घोट्याला बांधलेलं पिस्तूल राखीव म्हणून ठीक. ते काढायला वाकावं लागतं, आणि समोरचा माणूस तोवर थांबत नाही.

म्हणून बहुतेकांची पसंती कमरेला. पोटाचा मध्य म्हणजे बारा वाजले असं धरा, तर उजव्या हाताचा माणूस पिस्तूल तीन ते चारच्या दरम्यान लावतो, कमरेच्या हाडाच्या किंचित मागे. तिथे कोट नैसर्गिकपणे पडतो आणि हात न शोधता पोचतो. ग्लॉक १९ घ्या. रिकामं साधारण ६०० ग्रॅम, १५ गोळ्या भरल्यावर सुमारे ८५० ग्रॅम. त्यात दोन जादा मॅगझिन आणि बेड्या मिळवा, म्हणजे दीड किलोच्या पुढे ओझं झालं. सुटाबरोबर आपण घालतो तो मऊ, अरुंद पट्टा या वजनाने एका बाजूला लोंबतो आणि पिस्तुलाची मूठ बाहेरच्या बाजूला कलते. कोटाला जो फुगवटा येतो तो बहुतेक वेळा मुठीचा असतो, नळीचा नव्हे. त्यामुळे पहिला खर्च पट्ट्यावर. दीड इंच रुंद, दुहेरी चामड्याचा, ताठ. पँटचे लूप तेवढे मोठे हवेत. होल्स्टर पँटच्या आत खोवायचा असेल तर पँट कमरेला इंचभर सैल शिवावी लागते, नाहीतर जेवण झाल्यावर हाल विचारू नका.

आणि आता कोट. ज्यांना अंगाला चापूनचोपून बसणारा इटालियन धाटणीचा कोट आवडतो, त्यांनी हा पेशा सोडावा, किंवा कोट तरी. कमरेत घेतलेल्या कोटावर पिस्तुलाचा आकार छापासारखा उठतो. तिकडे त्याला ‘प्रिंटिंग’ म्हणतात, शब्द अगदी नेमका आहे. जुना अमेरिकन सॅक सूट, खांद्याला जाड भरण नसलेला, कमरेत न घेतलेला, पोत्यासारखा सरळ पडणारा, याला फॅशनवाले नावं ठेवत आले. डिटेक्टिव्हला तोच सोयीचा. कापड थोडं वजनदार असावं, म्हणजे ते वस्तूवरून ओघळतं. पातळ उन्हाळी कापड चिकटतं. गडद रंग किंवा बारीक विणीचा पोत सावल्या गिळतो. फिकट करड्या रंगात सगळं दिसतं.

आपल्याकडचे शिंपी शिवणीत ‘माया’ ठेवतात. हा शब्द मला फार आवडतो. डिटेक्टिव्हच्या कोटात ती माया उजव्या बाजूला सोडावी लागते. डावीकडे माप वेगळं, उजवीकडे वेगळं. म्हणून माप देताना होल्स्टर लावूनच उभं राहायचं, पिस्तूल अर्थातच रिकामं, आणि शिंप्याला आधी सांगून! पिस्तुलाची मागची टोकं अस्तर कुरतडतात. काही महिन्यांत तिथे भोक पडतं आणि ऐन वेळी मूठ त्या चिंधीत अडकते. त्यावर उपाय साधा आहे, त्या जागी आतून जाड कापडाचा तुकडा लावून घ्यायचा. कोटाच्या मागच्या चिरेचाही विचार करावा लागतो. दोन्ही बाजूंना चिरा असतील तर पँटच्या खिशात हात घालताच उजवी चीर उघडते आणि मागून येणाऱ्याला होल्स्टर दिसतो.

बटण? शक्यतो उघडं. पिस्तूल काढताना उजवा हात कोटाची कड मागे झटकतो आणि त्याच ओघात मुठीवर येतो. कड हलकी असेल तर ती परत येऊन हातावर पडते. म्हणून जुने लोक उजव्या खिशात किल्ल्या किंवा दोन-चार सुटी काडतुसं ठेवतात. वजनामुळे कड लांब जाते आणि क्षणभर तिथेच राहते. या क्षणभराची किंमत किती? ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयच्या एजंटांनी दोन दरोडेखोरांची गाडी अडवली. बसल्या जागी होल्स्टरमधून शस्त्र काढणं जड जातं. एका एजंटने रिव्हॉल्वर हाताशी असावं म्हणून आधीच काढून सीटवर ठेवलं होतं. गाड्यांची धडक झाली आणि ते कुठे उडालं ते सापडलंच नाही. त्या चकमकीत दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. दोन्ही दरोडेखोरही मेले. त्या दिवसावरून बंदुकीच्या गोळ्यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. होल्स्टरबद्दल त्या मानाने कमी.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप करण्यापेक्षा जीन्स आणि ढगळ जॅकेट का नाही? रास्त प्रश्न आहे. डिटेक्टिव्हचा दिवस कसा जातो ते पाहा. सकाळी कोर्टात साक्ष, ज्यूरीसमोर. दुपारी खून झालेल्या माणसाच्या घरी जाऊन त्याच्या आईला ती बातमी सांगायची. तिथे कमरेचं पिस्तूल दिसणं शोभत नाही, आणि मळकी जीन्सही शोभत नाही. संध्याकाळी साक्षीदाराला बोलतं करायचं. पिस्तूल दिसलं की माणूस आखडतो. सूट दिसला की निदान उभं राहून ऐकून घेतो. न्यूयॉर्कच्या वस्त्यांत सूट घातलेली दोन माणसं जिना चढू लागली की पोरं लगेच ओळखतात, डिटेक्टिव्ह आले. ओळखू द्यात की! मघाशी म्हटलं ना, सूट लपण्यासाठी नव्हताच. तो शस्त्र झाकतो आणि हुद्दा उघडा ठेवतो. शहाणे डिटेक्टिव्ह आपला सोनेरी बिल्ला पट्ट्यावर पिस्तुलाच्या शेजारीच लावतात. कोट बाजूला झाला तर ज्या नजरेला पिस्तूल दिसेल, त्याच नजरेला बिल्लाही दिसला पाहिजे.

याच्या उलट दुसरा साधा वेश आहे. त्यात पोलीस स्वतःच लपलेला असतो. जीन्स, स्वेटशर्ट, टोपी. ४ फेब्रुवारी १९९९ च्या रात्री ब्रॉन्क्समध्ये अमादू डियालो हा गिनीहून आलेला २३ वर्षांचा तरुण आपल्याच इमारतीच्या दारात उभा होता. न्यूयॉर्क पोलिसांच्या स्ट्रीट क्राइम युनिटचे साध्या कपड्यांतले चार पोलीस त्याच्यासमोर आले. त्याने खिशातून पाकीट काढलं, त्यांना ते पिस्तूल वाटलं. ४१ गोळ्या झाडल्या गेल्या, १९ त्याला लागल्या. त्याच्याकडे शस्त्र नव्हतं. आपण पोलीस असल्याचं सांगितलं होतं, असं पोलीस म्हणाले. २००० मध्ये चौघेही निर्दोष सुटले. त्या रात्री दारात उभ्या असलेल्या माणसाला समोर काय दिसलं असेल, हे सांगायला तो उरला नाही. अंगावर सूट असते तर तो वाचला असता, असं मी म्हणणार नाही. गोळ्या झाडणारे हात तेच होते. पण अपरात्री चार अनोळखी माणसं पिस्तुलं घेऊन समोर आली, तर ते पोलीस की लुटारू, हे ओळखायचं ओझं नागरिकावर टाकणं मला मुळीच पटत नाही.

आणि हे ओझं पोलिसांवरही पडतं. २८ मे २००९ ला पूर्व हार्लेममध्ये ओमर एडवर्ड्स हा तरुण कृष्णवर्णीय पोलीस ड्यूटी संपवून निघाला होता. आपल्या गाडीत शिरलेल्या चोरामागे तो पिस्तूल हातात घेऊन धावला. साध्या कपड्यांतल्या दुसऱ्या पोलिसाने त्याला गुन्हेगार समजून गोळ्या घातल्या. तो मेला. असं होऊ नये म्हणून न्यूयॉर्कमध्ये ‘दिवसाचा रंग’ ठरवायची पद्धत आहे. साध्या वेशातल्या पोलिसाने त्या दिवशीच्या रंगाची पट्टी लावायची, म्हणजे आपल्यांना आपला ओळखू येईल. आणि मागून कोणी ‘पोलीस, हलू नकोस’ असं ओरडलं, तर जागच्या जागी थिजायचं, वळून बघायचं नाही. हातात पिस्तूल असताना नुसतं वळणंसुद्धा जिवावर बेततं.

स्ट्रीट क्राइम युनिट २००२ मध्ये बरखास्त झालं. तशाच कामाची साध्या वेशातली पथकं जून २०२० मध्ये मोडली, त्यात सुमारे ६०० पोलीस होते. २०२२ मध्ये ती नव्या नावाने परत आली तेव्हा त्यांना बदललेला, पण पोलीस म्हणून ओळखू येईल असा गणवेश दिला गेला. वीस-बावीस वर्षं लागली इथवर यायला.

चिठ्ठ्या आल्या आहेत, दोन घेतो. पहिली : उन्हाळ्यात काय करतात? घाम गाळतात! ऑफिसात कोट काढून बसतात, म्हणून तर फोटोंमध्ये शर्टावर होल्स्टर दिसतो. आरोपीच्या चौकशीला बसताना मात्र पिस्तूल बाहेर कपाटात ठेवून जायचं, हा बहुतेक ठिकाणचा रिवाज आहे.

दुसरी चिठ्ठी : आपल्या क्राइम ब्रँचने सूट घालावा का? मुंबईच्या हवेत? नको. आपल्याकडे कोटाचं काम पँटवर सोडलेला शर्ट करतो, अंगरक्षकांच्या बाबतीत सफारी. शिवाय काही वेळा लपणं हेच काम असतं. ६ एप्रिल १९८६ ला इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी गोव्यात पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ रेस्टॉरंटमध्ये चार्ल्स शोभराजला पकडलं. ते आणि त्यांचे सहकारी गिऱ्हाइकांसारखे येऊन बसले होते. तिथे सूट घालून बसले असते तर शोभराज दारातूनच परत फिरला असता. मात्र अटकेच्या क्षणी लपणं संपतं. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं, की अटक करणाऱ्या पोलिसाची ओळख आणि नावाची पाटी स्पष्ट दिसली पाहिजे. आता ओळख स्पष्ट दिसण्याची ती तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३६ व्या कलमात आहे. साध्या वेशातल्या पोलिसाला त्यात सूट नाही. म्हणजे सवलत नाही, असं म्हणतोय मी!