प्रीसीझनचे सामने धरले जात नाहीत, मग खेळायचे कशाला?

मागच्या भागात आपण फुटबॉल मॅनेजर या खेळात मित्रांची ऑनलाइन लीग कशी उभी करायची ते पाहिलं. त्यानंतर अनेकांनी मला एकच प्रश्न विचारला. प्रीसीझनचे सामने गुणतक्त्यात धरले जात नाहीत, मग त्यांच्यावर दोन-तीन संध्याकाळी घालवायच्या कशाला?

प्रश्न रास्त आहे. पहिल्या वर्षी मीही हेच म्हणालो होतो. त्याची किंमत काय पडली, तेही सांगतो.

नव्यांसाठी थोडक्यात. या खेळात आपण मैदानावर धावत नाही, आपण मॅनेजर असतो. संघ निवडणं, डावपेच आखणं, सराव, खेळाडूंची खरेदी-विक्री आपल्याकडे. सामना संगणक खेळवतो. पॉल आणि ऑलिव्हर कॉलिअर या इंग्रज भावांचा चॅम्पियनशिप मॅनेजर हा खेळ १९९२ साली आला, त्याचाच हा पुढचा अवतार. ऑनलाइन खेळताना लीग एकाच्या संगणकावर चालते, बाकीचे तिथे जोडले जातात आणि साधारणपणे सगळ्यांनी 'कंटिन्यू' दाबलं की तारीख पुढे सरकते.

आम्ही चौघं होतो. मी महूला, माझा कोर्समेट बडोद्याला, पुतण्या बंगळुरूला आणि मुलगी हैदराबादला. इंग्लंडची चॅम्पियनशिप घेतली. २४ संघ, प्रत्येकाचे ४६ सामने, तळाचे तीन खालच्या पातळीवर जाणार. मी म्हणालो, "सराव सामने सहायकावर सोपवा, थेट ऑगस्ट गाठू."

गाठला. सुट्टीवरून आलेले खेळाडू पुरते तयार नव्हते आणि माझी नवी रचना त्यांच्या अंगवळणी पडली नव्हती. पहिल्या पाचपैकी चार सामने हरलो. ते सोसलं असतं. पण हंगामाच्या मध्यावर एका शनिवारी कोर्समेट घरच्या अडचणीमुळे आला नाही. गैरहजर माणसासाठी थांबायचं की नाही, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. मी म्हणालो, चला पुढे. त्याचा संघ सहायकाने उतरवला आणि नेमका माझ्याच संघाकडून हरला. तो काही बोलला नाही, पण नंतर खेळायला आला नाही. तीन महिने फोनही नाही. पस्तीस वर्षांची दोस्ती, आणि कारण काय, तर न केलेला एक नियम.

शेवटी मीच बडोद्याला जाऊन माफी मागितली. पुढच्या हंगामात पूर्ण प्रीसीझन खेळलो, तेव्हा त्याचा उपयोग कळला. तो तीन प्रकारचा आहे.

पहिला, शरीराचा. खेळाडूंना सामन्याचा सराव हवा. सुरुवातीला अर्धा-अर्धा वेळ खेळवा, हळूहळू वाढवा. दमलेल्याला पूर्ण नव्वद मिनिटं पळवलं तर तो जायबंदी होण्याचा धोका वाढतो.

दुसरा, डावपेचांचा. नवी रचना संघाच्या अंगात मुरायला वेळ लागतो. म्हणून दर सामन्याला नवी रचना नको. एक मुख्य, एक पर्यायी, बस्स. आणि खरेदीची मुदत उघडी असतानाच उणीव कळली, तर ती भरून काढता येते.

इथे मला रायफल झिरो करणं आठवतं. झिरोइंगला कुणी गुण मोजत नाही. पाच गोळ्या झाडायच्या आणि त्या कुठे पडल्या ते पाहायचं. गोळ्या एकाच जागी, पण मध्यापासून दूर पडल्या, तर दोष साइटमध्ये, ती सरकवा. विखुरल्या, तर आधी नेमबाजाची पकड आणि श्वास बघा, साइटला हात लावू नका. सराव सामनेही असेच वाचावेत. चारही सामन्यांत डावीकडूनच गोल खाल्ले, तर रचना बदला. गोल दर वेळी वेगळ्याच चुकीने खाल्ले, तर धीर धरा, संघ अजून जुळतोय. निकाल ३-० की ०-३, याला त्या दिवसांत फारसा अर्थ नाही. दुबळ्या संघांना हरवून मनोबल जरूर वाढतं, पण एखाद-दुसरा सामना तगड्या संघाशी ठेवा, नाहीतर आपली भोकं दिसणारच नाहीत.

तिसरा उपयोग माणसांचा. संगणक हा सांगणार नाही, म्हणून तो सर्वांत महत्त्वाचा. कुणाचं इंटरनेट तुटतं, कुणाला रात्री नऊ जमत नाही, कोण 'कंटिन्यू' दाबायला वीस मिनिटं लावतो, हे सगळं प्रीसीझनमध्ये उघडं पडतं. तेव्हाच नियम करा. आमचा नियम आता असा: एक जण नसेल तर त्या दिवशी खेळ नाही, नुसत्या गप्पा. आपसातल्या खेळाडूंच्या सौद्याला बाकी दोघांची संमती लागते. वाद आलाच, तर निर्णय मुलीचा, कारण ती आमच्यापैकी कुणालाच घाबरत नाही.

चूक होणारच. ती जुलैत झाली तर दुरुस्ती होते, डिसेंबरात झाली तर भांडण. म्हणून प्रीसीझनमध्ये उतरताना जिंकायचा विचार सोडा. कागदावर तीन प्रश्न लिहा आणि त्यांची उत्तरं मिळेपर्यंत लीग सुरू करू नका.

गेल्या प्रीसीझनला मी एकही सामना जिंकलो नाही. कोर्समेटने बडोद्याहून फोन करून खूप हसून घेतलं. मला तेवढं पुरलं.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.