पूर्ववाहिनी पाणी आणि पश्चिमेची वीज

लोणावळा-खंडाळ्याच्या माथ्यावर आषाढ-श्रावणात जो पाऊस कोसळतो, त्याचा बराचसा भाग पूर्वी इंद्रायणीच्या पात्रात उतरून, देहू-आळंदीचे घाट भिजवीत भीमेला आणि भीमेबरोबर कृष्णेला मिळून, पार बंगालच्या उपसागरापर्यंत चालत जात असे. पश्चिमेचा समुद्र तेथून इतका जवळ असताना पाण्याने एवढा लांबचा प्रवास का करावा, असा प्रश्न शतकानुशतके घाट उतरणाऱ्या कोणालाही पडला नाही. तो पडला मुंबईतील डेव्हिड गॉसलिंग नावाच्या एका वास्तुविशारदाला, आणि त्याने तो जमशेटजी टाटांच्या कानी घातला. पाणी माथ्यावर अडवावे, पूर्वेऐवजी पश्चिमेकडे वळवावे, कड्यावरून खाली सोडावे आणि त्याच्या पडण्यातून मुंबईच्या गिरण्या फिरवाव्यात, अशी ही कल्पना होती. जमशेटजी १९०४ साली निवर्तले. सरकारदरबारचे परवाने, करारमदार आणि भांडवलाची जुळवाजुळव त्यांचे चिरंजीव दोराबजी यांनी पुरी केली, १९१० साली कंपनी नोंदली गेली आणि पुढच्याच वर्षी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते कोनशिला बसली.

या योजनेचे यंत्रशास्त्र ऐकायला जितके साधे, तितकेच करायला अवघड होते. सह्याद्रीचा पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि गिरणीला वीज बारा महिने लागते. म्हणून वळवण, शिरवटा आणि लोणावळा येथे दगडी बांध घालून पावसाळ्याचे पाणी उन्हाळ्यासाठी कोंडावे लागले. तेथून कालव्याने ते खंडाळ्याजवळच्या कड्यापाशी आणले आणि कड्यावरून लोखंडी नळांनी खाली खोपोलीत उतरविले. ही उतरण १,७०० फुटांहून अधिक आहे. एवढ्या उंचीच्या पाण्याचा भार तळाशी दर चौरस इंचावर सातशे पौंडांहून अधिक पडतो, आणि तोटीतून सुटणारी त्याची धार पेल्टन चक्राच्या परिघावर बसविलेल्या, जोडपळ्यांसारख्या दिसणाऱ्या पोलादी वाट्यांवर आदळून चक्राला गरगरा फिरविते. चक्राच्या आसाला जनित्र जोडलेले असते. तेथे निर्माण झालेली वीज एक लक्ष व्होल्टच्या दाबाने उंच मनोऱ्यांवरील तारांतून सुमारे त्रेचाळीस मैल दूर परळला जाई. आपले काम संपवून शांत झालेले पाणी पाताळगंगेत सोडून देत, आणि त्यामुळे ती पावसाळी नदी उन्हाळ्यातही वाहू लागली. मूळ योजनेत ज्याचा हिशेब फारसा कोणी धरला नसेल असा हा लाभ खालच्या कोकणाला आयताच मिळाला.

फेब्रुवारी १९१५ मध्ये लॉर्ड विलिंग्डन यांनी या विजेचे उद्घाटन केले, तेव्हा मुंबईला वीज अगदीच अपरिचित होती असे नव्हे. रस्त्यांवर १८६५ पासून गॅसचे दिवे होते. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवेही लागले होते, पण तो प्रयोग टिकला नाही. पुढे १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी निघाली, ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली आणि १८७४ पासून ट्रामचे जू मानेवर वाहणाऱ्या घोड्यांची हळूहळू सुटका झाली. परंतु ही वीज कोळशावर चालणाऱ्या बॉयलरची होती, आणि कोळसा बंगालमधून येई. कोळशाचे गाडीभाडे गिरणीमालकाच्या हिशेबवहीत नेहमीच बोचत असे. खोपोलीच्या विजेने त्या बोचणीवर उपाय काढला, तरी जुनी वाफेची एंजिने धडधाकट असताना ती मोडीत काढण्यास मालक प्रथम बिचकत होते, आणि दीर्घ मुदतीचे करार पुढे ठेवून त्यांचे मन वळवावे लागले.

गिरणीतला बदल बाहेरून दिसणारा नव्हता, पण आतल्या माणसाला तो कळला. वाफेच्या काळी साऱ्या गिरणीला एकच अजस्र एंजिन असे. त्याच्या प्रचंड चाकावरून निघालेले दोर मजल्यामजल्यावरचे दांडे फिरवीत आणि दांड्यांवरून उतरलेले चामडी पट्टे प्रत्येक साच्याला ओढीत, म्हणजे एंजिन आजारी पडले की सूतखात्यापासून साचेखात्यापर्यंत सगळेच थंड. मोटारी आल्यावर एकेक खाते स्वतंत्रपणे चालू-बंद करता येऊ लागले. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण विजेच्या स्तुतिपाठात ती सहसा वगळली जाते. गिरण्यांत विजेचे दिवे खोपोलीच्या आधीच, मालकांच्या खासगी डायनामोवर आले होते, आणि त्यांनी पहिले काम केले ते कामगाराचा दिवस लांबविण्याचे. सूर्य उगवल्यावर साचा चालू आणि मावळल्यावर बंद, हा तोपर्यंतचा निसर्गानेच घातलेला नियम होता. १९०५ च्या सुमारास दिव्याच्या जोरावर चौदा-चौदा तास काम होऊ लागले, कामगार चिडले, चौकशीसमित्या बसल्या आणि शेवटी १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. अंधार हा कष्टकऱ्याचा एक अलिखित हक्क होता, आणि तो गेल्यावर कायद्याची गरज पडली.

घरगुती सुखाचा भाग मात्र सर्वांना ठाऊक आहे. त्यावर फार थांबण्याचे कारण नाही. कंदिलाची काच रोज पुसण्याचे काम गेले, रॉकेलच्या चिमणीची काजळी गेली, गिरगाव-दादरच्या चाळींतून एका चाळीस वॅटच्या दिव्याखाली सारी भावंडे अभ्यासाला बसू लागली, आणि पंखा, रेडिओ, इस्त्री ही मंडळी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे मागाहून आली. त्याहून मोठा परिणाम झाला तो अंतरावर. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही विजेची आगगाडी सुरू झाली, १९२८ मध्ये पश्चिमेकडे कुलाबा-बोरिवली मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या, आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन कल्याणहून पुण्यास निघाली. मुंबईचा माणूस कुर्ल्याला किंवा बोरिवलीला राहून कोटात, म्हणजे फोर्टात, नोकरी करू लागला. शहराची मूर्ती लांबट झाली ती यानंतर.

मागणी वाढली तशी धरणेही वाढली. आंध्रा नदीवरील ठोकळवाडीच्या पाण्यावर १९२२ मध्ये भिवपुरी सुरू झाले आणि मुळशीच्या पाण्यावर १९२७ मध्ये भिरा. मुळशी या नावापाशी थांबणे भाग आहे. नीला व मुळा यांच्या संगमाजवळ बांध घातला तर बावन्न गावे आणि सुमारे अकरा हजार माणसे उठणार होती. ती मावळ्यांची गावे, आंबेमोहोराची शेते आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट सरकारने भूसंपादनाच्या कायद्याखाली कंपनीस देऊ केली. जमिनीची रीतसर खरेदी वा नोटीस होण्यापूर्वीच शेतांत खोदकाम सुरू झाल्यामुळे रयत खवळली, आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रहास आरंभ झाला. जान किंवा जमीन, अशी त्यांची प्रतिज्ञा होती. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. काही काळ काम थांबले, मग पुन्हा सुरू झाले. शेतकऱ्यांच्या जमिनी गहाण पडलेल्या होत्या, आणि पुण्याच्या सावकारांना जमीन वाचण्यापेक्षा मोबदल्याचा दर वाढणे अधिक सोयीचे वाटले, म्हणून लढ्याला आतूनच तडा गेला. १९२४ च्या अखेरीस धरणाच्या मजुरांची गाडी अडविल्याबद्दल बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली.

या प्रकरणी टाटांना खलनायक ठरविणे सोपे आहे, आणि त्या काळी तसे ठरविणारेही होते. मला ते पुरेसे वाटत नाही. परदेशी भांडवलाच्या काळात देशी भांडवलाने उभारलेले हे काम खरोखर अभिमानास्पद होते. परंतु मुंबईच्या गिरणीला स्वस्त वीज हे सार्वजनिक प्रयोजन आणि मावळातील भाताचे खाचर ही खासगी मालमत्ता, असा जो निवाडा सरकारने केला, त्याचा फेरविचार करण्याचे धैर्य स्वराज्याचा पुकारा करणाऱ्यांपैकीही फार थोड्यांनी दाखविले. धरणाकाठच्या कित्येक वाड्यांत, जेथून तारा मुंबईकडे जात होत्या तेथेच, विजेचा दिवा पोहोचण्यास स्वातंत्र्यानंतरही पुष्कळ काळ लागला.

आता गिरण्या गेल्या आहेत. परळच्या आवारात मनोरे उभे राहिले आहेत, आणि मुंबईला लागणाऱ्या एकूण विजेपैकी घाटाच्या पाण्याचा वाटा पूर्वीच्या मानाने अल्प उरला आहे; तरी औष्णिक केंद्राची भट्टी तापण्यास कित्येक तास लागतात आणि पेल्टन चक्र काही मिनिटांत पूर्ण वेगाला येते, म्हणून संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी किंवा अवचित बिघाडाच्या प्रसंगी त्याचे मोल आजही मोठे आहे. मात्र भीमेच्या खोऱ्यात दुष्काळ पडला की पश्चिमेकडे वळविलेले पाणी परत पूर्वेला सोडावे, ही मागणी दरवेळी वर येते. सोलापूरकडच्या शेतकऱ्याचे म्हणणे असे की ते पाणी मुळात त्याच्याच नदीचे होते. आणि ते खरेही आहे. परंतु पाताळगंगा, उल्हास व कुंडलिका यांच्या काठी या शंभर वर्षांत जी गावे, नळयोजना आणि कारखाने त्याच पाण्यावर वाढले, त्यांना तितक्याच पाण्याचा दुसरा स्रोत दाखविल्याखेरीज बांधांची दारे पूर्वेकडे उघडता येणार नाहीत.