तंबू कोठे ठोकावा?

विद्यार्थी मित्रांनो, नाताळच्या सुटीत तुम्ही, तुमचे मित्र आणि घरातील दोन-तीन मोठी माणसे मिळून समुद्रकाठी तंबू ठोकून राहायचे ठरवलेत, तर तयारीला कोठून सुरुवात कराल? बहुतेक जण सामानाची यादी करायला बसतात. यादी मागाहून करा. आधी त्या दिवशी चंद्राची तारीख कोणती आहे, ते पाहा. सहलीचा आणि चंद्राचा काय संबंध, असे तुम्हांला वाटेल. पण कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर हाच संबंध सर्वांत महत्त्वाचा आहे.

आपण रायगड जिल्ह्यातील मुरूडचे उदाहरण घेऊ. दापोलीजवळही एक मुरूड आहे, म्हणून एस.टी.ची पाटी नीट वाचूनच गाडीत बसा! आपले मुरूड अलिबागच्या दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर आहे. वाटेत रेवदंड्यानंतर कुंडलिका नदीची खाडी ओलांडावी लागते. पुढे रस्ता कधी डोंगराला, तर कधी समुद्राला बिलगून जातो. येथील किनारा एकसारखा नाही. काही ठिकाणी मऊ वाळूची पुळण आहे, तर काही ठिकाणी काळा कातळ थेट पाण्यात उतरलेला आहे. अशा किनाऱ्यावर तंबूची जागा फार विचार करून निवडावी लागते.

चंद्राच्या ओढीमुळे समुद्राला भरती येते, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. एका भरतीनंतर साधारण १२ तास २५ मिनिटांनी दुसरी भरती येते. त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आसपास भरती मोठी असते. तिला उधाण म्हणतात. मुंबईजवळ उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत कधी कधी चार मीटरांहून अधिक फरक पडतो. चार मीटर म्हणजे एका मजल्याहून जास्त उंची! अष्टमीच्या सुमारास हा फरक कमी असतो. त्याला कोकणात भांग म्हणतात.

तुमच्या घरातील हिजरी कॅलेंडर येथे फार उपयोगी पडेल. हिजरी महिना चंद्रदर्शनाने सुरू होतो. म्हणून १३, १४, १५ या तारखांना पौर्णिमेचा मोठा चंद्र असतो आणि महिन्याच्या अखेरीस अमावास्या येते. हे उधाणाचे दिवस समजावेत.

भरतीची वेळ काढण्याची एक जुनी युक्ती कोकणात प्रचलित आहे. पंधरवड्यातील तिथीला तीनने गुणावे आणि चारने भागावे. येणारे उत्तर म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. समजा, त्या दिवशी चतुर्थी आहे. चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन. दुपारी ३ च्या आणि रात्री ३ च्या सुमारास पूर्ण भरती असेल. ओहोटी त्याआधी सहा तास, म्हणजे सकाळी आणि रात्री ९ वाजता असेल.

आता पाहा. तुम्ही रात्री ९ वाजता किनाऱ्यावर पोहोचलात. समोर लांबरुंद, सपाट वाळू दिसते. जागा छान वाटते, म्हणून तुम्ही तेथेच तंबू ठोकता आणि दमून झोपी जाता. पहाटे ३ वाजता पाणी कोठे असेल?

म्हणून मुक्कामाच्या जागी दिवसाउजेडी पोहोचा आणि भरतीची रेषा शोधा. सुकलेले शेवाळ, काटक्या आणि शिंपले यांची एक लांब ओळ वाळूवर दिसेल. आदली भरती तेथपर्यंत आली होती. तंबू त्या रेषेच्या बराच वर हवा. खडकावर अशी ओळ नसते. पण खडकाला चिकटलेली कालवे दिसतील. कालवांना पाणी लागते, तेव्हा समुद्र तेथपर्यंत येतो हे नक्की समजा.

ओहोटीच्या वेळी खडकावरून पुढे चालत जाण्याचा मोह होतो. जाताना मागे वळून पाहत जा. तुम्ही उभे असलेला खडक उंच असतो आणि त्याच्या मागची घळ खोल असते. भरती सुरू झाली की आधी ती घळ भरते. समोरच्या लाटा पाहण्यात तुम्ही गुंग असता आणि परतीची वाट पाण्याखाली गेलेली असते.

मात्र, उधाण नाही म्हणजे समुद्र सुरक्षित आहे, असे समजू नका. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्यातील एका महाविद्यालयाची सहल मुरूडला आली होती. त्या दिवशी १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हा पौर्णिमा होऊन आठवडा झाला होता आणि अमावास्येला आठवडा बाकी होता. किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचे पाणी एखाद्या अरुंद वाटेने जोराने परत जाते. त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, म्हणून नेमकी तीच जागा शांत दिसते. त्या ओढीत कोणी सापडला, तर त्याने किनाऱ्याकडे पोहण्याची धडपड करू नये. पाण्यावर तरंगत राहावे आणि किनाऱ्याला समांतर सरकत ओढीबाहेर पडावे. मदत करणाऱ्यानेही पाण्यात उडी मारू नये. दोर किंवा झाकण लावलेला रिकामा डबा फेकावा आणि ११२ या क्रमांकावर फोन करावा. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे.

सुरूची झाडे सावलीला चांगली. पण जागा कोणाची आहे ते विचारून आणि ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन मगच तेथे तंबू ठोका. नारळाखाली मात्र झोपू नका. कारण सांगायला नकोच! दिवसा वारा समुद्राकडून येतो. ते खारे वारे. रात्र चढली की जमिनीकडून मतलई वारे वाहू लागतात. वारा असा दिशा बदलतो, म्हणून चूल तंबूच्या पुढेही नको आणि मागेही नको. ती बाजूला, उघड्या वाळूवर मांडा. सुरूखाली वाळलेल्या काड्यांचा थर असतो आणि तो चटकन पेटतो. झोपण्यापूर्वी चुलीवर पाणी ओता. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचे पाणी मचूळ असते. प्यायचे पाणी गावातून भरून आणा.

दुसऱ्या दिवशी जंजिरा पाहायला जाल. हे नाव तुम्हांला परके वाटणार नाही. अरबी 'जझीरा' म्हणजे बेट, त्यावरून ते आले. सिद्दींचा हा किल्ला चारही बाजूंनी समुद्राने वेढलेला आहे आणि तरीही आत गोड्या पाण्याचे तलाव आहेत. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या जातात. पावसाळ्यात त्या बंद असतात. होडीच्या प्रमुखाला नाखवा म्हणतात. हा शब्द फारसी 'नाखुदा'पासून आला आहे. होडीत बसण्यापूर्वी त्यांना विचारा, "नाखवा, आज भरती किती वाजता?" तुम्ही काढलेली वेळ त्यांच्या उत्तराशी ताडून पाहा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडला, तर नाखवांची वेळ खरी माना.